नाळ, वार आणि सुईण : मराठी साहित्यविचारातील एका अनुपस्थितीविषयी

मराठी समीक्षेच्या परिभाषेत काही शब्द इतके रुळले आहेत की ते कोठून आले याची चौकशी करण्याची गरज आपल्याला सहसा भासत नाही. कवीला 'निर्मितीच्या कळा' सोसाव्या लागतात, कादंबरी दीर्घ 'गर्भावस्थे'नंतर 'जन्म' घेते, एखादी वाङ्मयीन चळवळ सामाजिक परिस्थितीच्या 'कुशीतून' येते आणि लेखकाची आपल्या मातीशी, बोलीशी, समूहाशी 'नाळ' जुळलेली असते किंवा तुटलेली असते. १९६० नंतरच्या ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चर्चेत तर 'नाळ' हा शब्द मूल्यनिकषाच्या जागी जाऊन बसला. देशीवादाच्या मांडणीने त्याला आणखी बळ दिले. ही सगळी शब्दसंपदा बाळंतिणीच्या खोलीतून आलेली आहे. त्या खोलीत बाळंतीण असते, मूल असते आणि तिसरी एक स्त्री असते. समीक्षेने पहिल्या दोघांना रूपकात स्थान दिले. तिसरीला मात्र दाराबाहेर ठेवले. ही तिसरी स्त्री म्हणजे सुईण.

प्रस्तुत लेखात या अनुपस्थितीचा विचार करावयाचा आहे. हे काम स्त्रीजीवनावरील साहित्याची यादी करून भागणारे नाही. सुईण होणे म्हणजे काय, तिच्या ज्ञानाचे स्वरूप कोणते, त्या ज्ञानाला मराठी संहितांनी कोणती भाषा दिली आणि कोणती नाकारली, हे प्रश्न साहित्यविचाराचे आहेत. मी ज्या परभणी जिल्ह्यात अध्यापन करतो तेथील गोदाकाठच्या गावांत घरी बाळंतपण करणाऱ्या सुईणींची शेवटची पिढी आता थकली आहे. तेव्हा हा प्रश्न थोडा निकडीचाही आहे.

१

प्रथम शब्दांकडे पाहू. 'सू' म्हणजे प्रसवणे या धातूपासून संस्कृतात सूति, सूतिका आणि सूतक हे शब्द येतात. संस्कृतातील 'सूतिका' म्हणजे बाळंतीण. मराठीत याच कुळातली 'सुईण' मात्र बाळंत करणारी. 'सूतक' हा शब्द मुळात जन्माच्या अशौचासाठी होता. मराठीत 'सुतक' मृत्यूकडे सरकले आणि जन्माच्या अशौचासाठी 'सोयर' उरले. दोन्ही मिळून झालेला 'सोयरसुतक' हा जोडशब्द आपण आज नकारार्थीच वापरतो. जन्म आणि मृत्यू यांचा विटाळ एकाच शब्दकुळात नांदावा आणि जन्म घडवून आणणारी स्त्रीही त्याच कुळातली असावी, ही गोष्ट निव्वळ व्युत्पत्तीच्या कुतूहलाची नाही. सुईणीचे सामाजिक स्थान या शब्दकुळात आधीच नोंदलेले आहे.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आपापल्या आज्यांकडून जमवलेल्या शब्दांच्या याद्या तपासताना एक व्याकरणिक वैशिष्ट्य माझ्या ध्यानात आले. बाईचे दिवस 'भरतात'. कळा 'येतात', वेणा 'लागतात'. बाई 'अडते', नंतर 'सुटते' किंवा 'मोकळी होते'. वार 'पडते'. या बहुतेक सर्व क्रिया अकर्मक आहेत आणि त्यांचा कर्ता बाळंत होणाऱ्या बाईचे शरीर आहे. वाट पाहणे, अंगाला हात लावून अंदाज घेणे, कधी चालायला आणि कधी उकिडवे बसायला सांगणे, जोर केव्हा द्यायचा आणि केव्हा आवरायचा ते ओळखणे, ही सुईणीची कामे या क्रियापदांच्या मागे राहतात. दवाखान्याची भाषा वेगळी आहे. तेथे डॉक्टर 'डिलिव्हरी करतात', 'सिझर करतात', 'टाके घालतात'. क्रियापद सकर्मक होते आणि कर्ता बदलतो.

यातून सुईणीची भाषा अधिक 'नैसर्गिक' आणि म्हणून अधिक श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे, कारण याच भाषेत सुईणीच्या श्रमाचा लोपही घडतो. 'लेकीचे बाळंतपण केले' असे आपण म्हणतो तेव्हा कर्ता असते माहेरची आई. मुलीला आणणे, शेक-शेगडी, तेलपाणी, डिंकाचे लाडू, बाळंतविडा, बारसे हे सारे 'बाळंतपण' या शब्दात येते आणि त्याचे श्रेय कुटुंबाला जाते. सुईणीच्या वाट्याला त्यातली एक रात्र येते. त्या रात्रीचा मोबदला म्हणून मूठपसा धान्य, खण-नारळ, क्वचित लुगडे. हा व्यवहार गावगाड्याच्या रीतीने चाले. त्यात दर ठरलेला नव्हता. त्यामुळे कमी मिळाले तर मागण्याचा हक्कही नव्हता.

सुईण होण्याची प्रक्रियाही अशीच अनामिक आहे. सासूच्या किंवा आईच्या मागे कंदील धरून जायचे, पाणी तापवायचे, पाहायचे. आणि एक दिवस म्हातारीचे हात चालेनासे झाले की आपण पुढे व्हायचे. मराठवाड्यात हे काम मोठ्या प्रमाणावर मांग आणि महार समाजातील, काही ठिकाणी न्हावी समाजातील स्त्रियांकडे राहिले. ज्याला आपण शिक्षण म्हणू ते येथे जातीच्या सक्तीशी गुंतलेले आहे. हे काम स्वेच्छेने पत्करलेले म्हणावे तर जातीने लादलेले होते. केवळ लादलेले म्हणावे तर त्यात एखादी तरबेज होते आणि दुसरी होत नाही, याची संगती लागत नाही.

या तरबेजपणाला आपल्या भाषेने एक शब्द दिला आहे : 'हातगुण'. 'तिच्या हाताला गुण आहे.' हा शब्द गौरवाचा खराच. पण हातगुण म्हणजे हाताच्या ठायी वसलेले दैव. डॉक्टरच्या बाबतीतही आपण हातगुण म्हणतो. तेथे तो पदवीच्या वरचा असतो. सुईणीजवळ मात्र हातगुणाखेरीज काहीच नसते, आणि म्हणून बाळ दगावले की तोच हात अपशकुनी ठरतो. निरीक्षण, तुलना, स्मरण आणि निर्णय या बौद्धिक क्रियांना 'गुण' म्हणून शरीरात कोंडून टाकणे, ही ज्ञानाच्या जातिव्यवस्थेची एक नेहमीची रीत आहे.

ती फार जुनी असल्याचे संस्कृत ग्रंथांवरूनही दिसते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन आहे आणि तेथे अनेकदा प्रसवलेल्या, अनुभवी स्त्रिया जवळ असाव्यात असे सांगितले आहे. सुश्रुताने तर नखे कापलेल्या, वयस्क, प्रसूतिकर्मात कुशल अशा चार स्त्रिया सांगितल्या आहेत. विसाव्या शतकातील दाई-प्रशिक्षणात 'पाच स्वच्छता' म्हणून जे शिकवले गेले (स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ) त्यातल्या पहिल्या नियमाचे सूत्र या नखे कापण्यात आहे. मात्र ग्रंथात बोलतो तो वैद्य. स्त्रिया उपस्थित आहेत, कुशल आहेत, आणि मूक आहेत.

२

मध्ययुगीन मराठी परंपरेत या मौनाला छेद देणारी एक आख्यायिका आहे. चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिचे दिवस भरलेले, घरात दाणा नाही, चोखोबा बहिणीच्या, म्हणजे निर्मळेच्या, गावी निघून गेलेले. एकट्या सोयराच्या हाकेला विठ्ठल नणंदेच्या रूपाने येतो आणि तिचे बाळंतपण करतो. कर्ममेळ्याच्या जन्माची ही कथा संतचरित्रांच्या परंपरेत आणि अभंगांतही आली आहे. तिचे वाचन सामान्यतः भक्तवत्सलतेचे उदाहरण म्हणून केले जाते. देव भक्ताच्या घरी राबतो, हे वारकरी कथनाचे एक परिचित सूत्र आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईबरोबर तो दळतो, कांडतो, शेण्या वेचतो.

तरीही जनाबाईचे दळण आणि सोयराचे बाळंतपण या दोन कामांत एक फरक आहे. दळणाकांडणाने विटाळ होत नाही. नाळ कापणे, वार काढणे, रक्त धुणे हे मात्र विटाळाचे केंद्रच आहे. ज्या मंदिराच्या पायरीपलीकडे चोखोबाला जाता येत नाही, त्या मंदिरातला देव चोखोबाच्या झोपडीत येऊन सोयर लावून घेतो. सोयराबाईच्या अभंगांत देहाच्या विटाळाविषयी जो थेट प्रश्न आहे, त्याच्याशेजारी ही कथा ठेवली की तिचा रोख स्पष्ट होतो. ही कथा देवाला सुईण करते, म्हणजे गावाने सर्वांत हीन ठरवलेल्या कामावर देवाला नेमते.

तमिळ प्रदेशात तिरुच्चिराप्पळ्ळीच्या तायुमानवर मंदिराची कथा अशीच आहे. कावेरीला पूर आल्यामुळे आईला मुलीपर्यंत पोहोचता येत नाही आणि शिव आईच्या रूपाने येऊन बाळंतपण करतो. दोन्ही कथांत देव स्त्रीरूप घेतो आणि दोन्हींत माहेरच्या किंवा सासरच्या नात्याने येतो. पण कावेरीकाठी आई अडवली जाते ती नदीमुळे. मंगळवेढ्याकडच्या कथेत अडसर आहे दारिद्र्याचा आणि जातीचा. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सुईणीच्या जागी देव येतो खरा, पण तो सुईण म्हणून येत नाही, नणंद म्हणून येतो. इतक्या धीट कथेलाही सुईणीचे नाव घेणे जमलेले नाही.

३

आधुनिक मराठीत या विषयाचा आरंभबिंदू म्हणून एक संहिता निःसंशयपणे पुढे ठेवता येते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा 'मांगमहारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. या निबंधाची चर्चा धर्मचिकित्सेच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. पण आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, त्या थंडीवाऱ्यात कुडकुडतात, हे मुक्ताने तेथे नोंदवले आहे. ज्या समाजातील स्त्रियांनी गावभरच्या बायकांची बाळंतपणे केली, त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणाची ही अवस्था. दलित स्त्रीच्या मराठी गद्यलेखनाच्या अगदी प्रारंभीच हा विरोध उभा आहे.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाला आहे. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले आणि त्या दुःखातून वैद्यकशिक्षणाचा संकल्प उभा राहिला. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' या विषयावर. त्याचा आधार मुख्यतः संस्कृत ग्रंथपरंपरेचा होता. परक्या भूमीवर आपल्या संस्कृतीजवळ शास्त्र होते हे सिद्ध करण्याची त्या काळची गरज समजण्यासारखी आहे. परंतु त्या शास्त्राचा जिवंत व्यवहार करणारी स्त्री त्या चौकटीत ज्ञानाची वाहक म्हणून येऊच शकत नव्हती. वासाहतिक सुधारणेच्या दृष्टीलाही ती अज्ञानाची मूर्तीच दिसत होती. १८८५ च्या डफरिन निधीपासून १९०३ च्या व्हिक्टोरिया शिष्यवृत्ती निधीपर्यंतच्या योजनांत 'देशी दाई' ही सुधारण्याची वस्तू आहे. पुणे-मुंबईच्या या इतिहासात निजामाच्या राज्यातला मराठवाडा १९४८ पर्यंत जवळजवळ कोठेच नाही. तेथील सुईण सुधारकांच्या निषेधालाही पात्र ठरली नाही.

या दोन टोकांच्या मध्ये बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) हे आत्मकथन येते आणि आपल्या सर्व सोयीच्या भूमिका अडचणीत आणते. महारवाड्यातील कोवळ्या मुलींच्या बाळंतपणाचे जे वर्णन बेबीताई करतात त्यात कोणतीही माया मिसळलेली नाही. पुन्हा पुन्हा हात घालून पाहणाऱ्या बाया, त्यातून होणाऱ्या जखमा, बाळंतिणीच्या पोटात घालायला घरात अन्न नाही, रक्त टिपायला धड चिंधी नाही, आणि त्यात होणारे मृत्यू. हे लिहिणारी स्त्री त्याच समाजातली आहे, सुईणींच्या शेजारी वाढलेली आहे. 'पारंपरिक ज्ञान' या आज प्रतिष्ठित झालेल्या संज्ञेखाली सुईणीचा गौरव करू पाहणाऱ्याला या पानांसमोर थांबावे लागते.

येथे समीक्षेची कसोटी लागते. बेबीताईंच्या वर्णनाचा आधार घेऊन वासाहतिक अहवालांनी काढलेला निष्कर्षच पुन्हा काढता येईल : सुईण अडाणी होती, म्हणून बायका मेल्या. पण संहिता असे म्हणत नाही. तिच्यात भूक, चिंधी आणि हात ही एकाच वाक्यसंदर्भात येतात. हाताची चूक आणि भाकरीचा अभाव यांना लेखिका वेगळे करीत नाही. त्या मुलीचे वय, तिची उपासमार, तिचे सासर आणि वाड्यावरचे दारिद्र्य यांना सोडून केवळ हाताकडे बोट दाखवणारे वाचन अपुरे आहे. तसेच हाताला दोषमुक्त करणारे वाचनही अपुरेच. दलित स्त्रीचे कथन वेगळे का ठरते याची गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये केलेली मांडणी आपल्याला परिचित आहे. त्या वेगळेपणाचा एक अर्थ असा की हे कथन स्वतःच्या घरातल्या हिंसेलाही सवलत देत नाही.

४

स्वातंत्र्योत्तर राज्यसंस्थेने सुईणीशी केलेला व्यवहार हीसुद्धा एक वाचण्याजोगी संहिता आहे. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत पारंपरिक दाईंना तीस दिवसांचे प्रशिक्षण, त्यासाठी तीनशे रुपये विद्यावेतन, एक प्रसूतिसंच आणि नोंदवलेल्या प्रत्येक बाळंतपणामागे दहा रुपये अशी तरतूद होती. 'नोंदवलेल्या' या शब्दावर थोडे थांबावे. ज्या स्त्रीला लिहिता येत नाही तिच्या कामाचे मूल्य प्रथमच लेखी नोंदीवर अवलंबून राहिले. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, 'आशा' कार्यकर्ती आली, आणि धोरणाचा रोख संस्थात्मक प्रसूतीकडे पूर्णपणे वळला. आशाला मोबदला मिळू लागला तो बाईला दवाखान्यापर्यंत नेण्याबद्दल. त्या वाटेवर सुईणीचे काम उरले नाही.

याचे परिणाम नाकारण्यात अर्थ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे संस्थांत झाली. २०१८-२० या काळात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत उतरले. माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले. अडलेली बाई बैलगाडीत घालून नदीपलीकडे नेताना वाटेतच जात होती, ते जग परत यावे असे कोणीही म्हणणार नाही. सुईणी तर नाहीच.

तथापि याच काळातला एक विरोधाभास साहित्याच्या अभ्यासकाने नोंदवला पाहिजे. २०१८ च्या अखेरीस केंद्र शासनाने प्रसूतिसेवेची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन प्रसाविकांचा नवा वर्ग उभा करण्याचे ठरले. बाळंत होणाऱ्या स्त्रीला सोबत असावी, तिला हिंडू-फिरू द्यावे, हव्या त्या स्थितीत बसू द्यावे, विनाकारण हस्तक्षेप करू नये, ही त्यामागची दृष्टी. नाळ लगेच कापू नये, किमान एक मिनिट थांबावे, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. थांबणे, सोबत करणे, उकिडवे बसवणे या गोष्टी आता इंग्रजीतून, प्रमाणपत्रासह, परत येत आहेत. ज्यांच्या हातांत त्यातले पुष्कळ काही होते त्यांची नावे या परतीच्या प्रवासात कोठेही नाहीत. सुईणीच्या हाताचा दोष तिच्या नावावर राहिला आणि गुण मात्र अनामिक झाला.

जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, पुष्कळदा दलित आणि निरक्षर, स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत गावातल्याच स्त्रियांच्या हाती दिली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. राणी बंग यांच्या 'कानोसा'त बायकांच्या दुखण्यांना बायकांचेच शब्द मिळाले. या प्रयोगांनी दोन्ही ज्ञानव्यवस्था एकमेकींशी बोलू शकतात हे दाखवले. असा कानोसा साहित्याभ्यासाने आपल्या पद्धतीने घ्यावयाचा राहिला आहे.

५

पाश्चात्त्य विचारपरंपरेत ज्ञानव्यवहार आणि सुईणपण यांची सांगड प्लेटोच्या 'थिइटीटस' या संवादात घातली गेली. सॉक्रेटिसची आई फिनारिटी सुईण होती. आपणही तिचाच व्यवसाय करतो, असे तो म्हणतो. फरक इतकाच की आपण पुरुषांच्या आत्म्यांची प्रसूती करतो, स्त्रियांच्या देहांची नव्हे. या एका वाक्यांशाने सुईणीचे कौशल्य तत्त्वज्ञानाला मिळाले आणि तिचे काम खालच्या पायरीवर गेले. आपल्या समीक्षेने हे रूपक प्लेटोकडून घेतले असे म्हणण्याचे कारण नाही. पण रूपक घ्यायचे आणि श्रम सोडायचे, ही पद्धत दोहोंकडे एकच आहे.

आता आरंभीच्या 'नाळे'कडे परत येता येईल. ग्रामीण, दलित आणि देशीवादी समीक्षेत नाळ जुळलेली असणे हे चांगले आणि तुटणे हे वाईट. सुईणीच्या दृष्टीने हे रूपक अर्धवट आहे. नाळ कापली नाही तर मूल वेगळे होत नाही; फार घाईने किंवा गंजक्या विळ्याने कापली तर ते जगत नाही. घरगुती रीतीत अनेक ठिकाणी वार पडेपर्यंत नाळ कापत नसत. आणि 'याची येथे नाळ पुरली आहे' असे आपण गावाच्या संदर्भात म्हणतो तेव्हा ती कापलेली असते हे उघडच आहे. पुरलेली नाळ म्हणजे तुटूनही राहिलेले नाते. कोठे, कधी, कशाने कापावी आणि कोठे पुरावी, हे ठाऊक असणारी व्यक्ती या रूपकातून गाळली, म्हणूनच आपल्या चर्चेत 'मुळांशी जोडलेला' आणि 'मुळांपासून तुटलेला' असे दोनच प्रकारचे लेखक उरले. बेबी कांबळे यांचे लेखन या दोन्ही कप्प्यांत बसत नाही. त्या आपल्या वाड्यापासून पुरेशा वेगळ्या झाल्या आहेत, म्हणून त्याच्याकडे पाहू शकतात; आणि त्यांची नाळ तेथेच पुरलेली आहे, म्हणून कोठे पाहायचे हे त्यांना ठाऊक आहे. निकष बदलायचा तर तो येथून बदलावा लागेल.

याबरोबर काही कामेही समोर येतात. जात्यावरच्या ओव्यांचे मोठे संकलन गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने झाले, त्यात परभणी जिल्ह्यातील गायिकाही आहेत. त्या ओव्यांतील निवेदक आई, लेक, बहीण, सून या नात्यांनी बोलते. गाणाऱ्या स्त्रियांपैकी सुईणीचे काम करणाऱ्या किती, आणि त्या ओवीत सुईण म्हणून कधी बोलतात काय, हे तपासले पाहिजे. आत्मकथनांतील बाळंतपणाची प्रकरणे 'दुःखाचे चित्रण' या एकाच सदरात न टाकता, त्यांतील कर्ता, क्रियापद आणि दृष्टिबिंदू यांचे विश्लेषण झाले पाहिजे. आणि परभणी, गंगाखेड, पाथरी, जिंतूर, पालम, तसेच १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीकडील गावांतून सुईणींच्या शब्दांचा कोश करण्याचे काम मराठी विभागांनीच हाती घेतले पाहिजे. आरोग्यखात्याच्या नोंदवहीत आकडे असतात. 'अडली' आणि 'सुटली' यांच्या मधल्या काळात सुईण काय करीत होती, हे त्यात मिळत नाही. ते सांगू शकणाऱ्या स्त्रिया आज ऐंशीच्या घरात आहेत. संशोधनासाठी नवे विषय उरले नाहीत अशी तक्रार आपल्या विभागांतून वारंवार ऐकू येते. या विषयाला मात्र फार तर दहा वर्षे उरली आहेत.